काचतंतू कवचाच्या जुन्या मोटारगाड्यांचा जीर्णोद्धार

काचेचे अतिशय बारीक तंतू पॉलिएस्टर किंवा तत्सम रेझिनात बसवून जे प्रबलित प्लॅस्टिक तयार होते, त्याचे कवच असलेल्या जुन्या मोटारगाड्या मूळ स्थितीत आणणे व त्यांचे पृष्ठभाग पुन्हा रंगवणे, या कामाच्या इतिहासाचा येथे विचार केला आहे. कारागिरांच्या बोलीत या पदार्थाला नुसते ‘फायबर’ म्हणतात. पत्र्याच्या गाडीत पत्रा, त्यावरील अस्तर आणि रंग या तीन वेगळ्या वस्तू असतात. गंजलेला भाग कापून नवा तुकडा वितळजोडाने बसविता येतो आणि रंग उतरविला, तरी खालचा पत्रा शाबूत राहतो. हाताने साच्यात घातलेल्या फायबरच्या कवचाचे तसे नसते. त्याचा वरचा गुळगुळीत थर व आतले जाड अंग ही दोन्ही एकाच जातीच्या रेझिनाची, एकापाठोपाठ एक घातलेली आणि परस्परांत मुरलेली असतात. येथे पृष्ठभाग घासणे म्हणजे कवचच घासणे होय. या एका फरकामुळे फायबरच्या गाडीचा जीर्णोद्धार हा पत्र्याच्या गाडीच्या जीर्णोद्धाराहून निराळा व्यवसाय ठरला असून, त्यात केलेली चूक सहसा दुरुस्त करता येत नाही.

इतिहास : काचतंतूंचे औद्योगिक उत्पादन अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात सुरू झाले व १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात विमानांवरील रडार यंत्रणेच्या आवरणासाठी हा पदार्थ उपयोगी पडला, कारण रेडिओ तरंग त्यातून आरपार जातात. युद्धानंतर उष्णता व दाब यांशिवाय घट्ट होणारी रेझिने सहज मिळू लागली आणि हा पदार्थ मोठ्या कारखान्यांतून छोट्या छपरांखाली आला. विल्यम स्टाउट यांनी १९४६ मध्ये ओवेन्स-कॉर्निंगच्या साहाय्याने काचतंतू कवचाची एक प्रायोगिक मोटारगाडी तयार केली. परंतु या तंत्राला खरी चालना मिळाली ती मोटार कारखानदारांकडून नव्हे, तर होड्या बांधणाऱ्यांकडून. कॅलिफोर्नियातील बिल ट्रिट हे फायबरच्या होड्या करीत असत. केन ब्रुक्स या सैनिकी अधिकाऱ्यासाठी त्यांनी मोटारगाडीचे एक कवच तयार केले आणि त्यातूनच ‘ग्लासपार जी-२’ ही क्रीडागाडी पुढे आली. रेझीन बनविणाऱ्या नॉगटक केमिकल या कंपनीने त्या गाडीचा प्रचारासाठी उपयोग केला आणि जनरल मोटर्सचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले.

जनरल मोटर्सची ‘शेव्हरोले कॉर्व्हेट’ ही गाडी जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात मांडण्यात आली व त्याच वर्षीच्या ३० जूनला मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे तिचे उत्पादन सुरू झाले. त्या वर्षी ३०० गाड्या तयार झाल्या आणि त्या सर्व पांढऱ्या रंगाच्या होत्या. पत्रा दाबण्यासाठी लागणारे पोलादी ठसे तयार करण्यास मोठा खर्च व बराच काळ लागला असता. थोड्या गाड्या लवकर काढावयाच्या असल्याने फायबर सोयीचे ठरले. या नव्या पदार्थाने काही अनपेक्षित प्रश्नही उभे केले. फायबर विद्युत्‌वाहक नसल्याने प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार द्यावी लागली, तसेच प्रज्वलन यंत्रणेमुळे आकाशवाणी संचात येणारी खरखर थांबविण्यासाठी धातूची आवरणे बसवावी लागली. उलट, संचाचा आकाशक मागील झाकणाच्या आतच लपविता आला. आज अशी गाडी दुरुस्त करणारा कारागीर ही आवरणे अनावश्यक समजून काढून टाकतो, तेव्हा तो त्या काळच्या अडचणीचा एक पुरावाच नष्ट करीत असतो.

इंग्लंडमध्येही होडीवाल्यांचा वाटा मोठा होता. ‘लोटस एलिट’ (१९५७) या गाडीत वेगळा पोलादी सांगाडा जवळजवळ नव्हताच; सर्व भार काचतंतू कवचावरच होता. तिची सुरुवातीची कवचे मॅक्सिमार या होड्या बांधणाऱ्या संस्थेने केली व नंतर ते काम ब्रिस्टल या विमान कंपनीकडे गेले. मागील चाकांकडील गतिभेदी दंतचक्र-पेटी जेथे कवचाला जोडलेली असे, तेथे फायबर फाटत असे आणि हा दोष या गाड्यांच्या दुरुस्तीत आजही पहिल्यांदा तपासला जातो. म्हणूनच १९६२ च्या ‘एलान’ गाडीत पोलादी कण्यावर फायबरचे कवच बसविण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. जेन्सन, टीव्हीआर, रिलायंट या इंग्लिश कंपन्या, फ्रान्समधील आल्पीन आणि अमेरिकेतील स्टुडबेकर यांनीही फायबर वापरले. स्टुडबेकरची ‘अवंती’ ही गाडी कवचाचे भाग एकमेकांशी नीट न जुळल्याने बाजारात वेळेवर येऊ शकली नाही. कॅलिफोर्नियातील ब्रूस मेयर्स यांची ‘मेयर्स मँक्स’ ही वाळूवर धावणारी गाडी १९६४ मध्ये तयार झाली. तेही होड्या बांधण्याच्या कामात मुरलेले होते.

भारत : भारतात फायबरच्या मोटारगाडीचा जन्म वेगळ्या कारणाने झाला. पत्र्याच्या गाडीसाठी शेकडो ठसे व अजस्र दाबयंत्रे लागतात. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, रांजणगाव येथील फियाटच्या कारखान्यासारख्या ठिकाणी हा खर्च परवडतो, कारण त्या ठशांतून लाखो भाग निघतात. त्याच तालुक्यातील न्हावऱ्यासारख्या, साखर कारखान्याभोवती वाढलेल्या गावांतील दुरुस्तीची विद्याही पत्र्याचीच आहे. ट्रॅक्टर, टेंपो व उसाच्या ट्रॉल्या यांचा पत्रा ठोकून सरळ करणे, जोडणे व त्यावर लांबी भरणे हीच तिची परंपरा होय. वर्षाला काही शे किंवा काही हजार गाड्या काढण्याचाच परवाना व भांडवल असलेल्या उद्योजकाला मात्र ठशांचा मार्ग बंद होता. त्याला फायबरखेरीज पर्याय नव्हता.

बंगळूर येथील सनराइज या कंपनीने १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास ‘बादल’ ही फायबर कवचाची तीनचाकी मोटारगाडी बाजारात आणली. तिच्या निर्मात्यांनीच पुढे सिपानी या नावाने १९८२ मध्ये ‘डॉल्फिन’ ही दोन दारांची चारचाकी गाडी काढली. ती इंग्लंडमधील रिलायंट कंपनीच्या ‘किटन’ या गाडीवर आधारलेली असून तिचे एंजिन ८४८ घ. सेंमी. चे होते. कवच हलके असल्याने ही छोटी गाडी त्या काळच्या मोटार-शर्यतींत चपळ ठरली. सामान्य ग्राहकाच्या मनात मात्र ‘प्लॅस्टिकची गाडी’ हा शिक्का बसला, तो कायमचाच. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही पत्र्याची, स्वस्त व भरवशाची गाडी आली आणि डॉल्फिनचा बाजार आटला. त्यानंतर आलेली चार दारांची ‘माँटाना’ ही परिस्थिती बदलू शकली नाही.

कोकणपट्टीत फायबरच्या गाड्यांचा दुसरा टप्पा घडून आला. गोव्यात १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ ही उघड्या छपराची, दोन आसनांची गाडी तयार होऊ लागली. तिचे कवच फायबरचे, आराखडा फ्रान्समधील एका संस्थेच्या सहकार्याने केलेला आणि एंजिन रेनॉ कंपनीचे ११४९ घ. सेंमी. चे होते. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्स या छोट्या संस्थेने २००३ पासून लोटस सेव्हनच्या धर्तीच्या क्रीडागाड्या हाताने बांधल्या. त्यांत अँबॅसडर गाडीतून परिचित झालेले १·८ लिटर इसुझु एंजिन वापरण्यात आले. मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांनी २०१२ च्या दिल्ली येथील प्रदर्शनात संयुक्त पदार्थाच्या कवचाची गाडी मांडली व तिलाही ‘अवंती’ हेच नाव दिले. अलिबागसारख्या ठिकाणी असा उद्योग निघावा यात नवल नाही. कोकण किनाऱ्यावर लाकडी होडीला फायबर चढविण्याचे व पुढे संपूर्ण होडीच फायबरची करण्याचे काम रूढ झालेले होते. कॅलिफोर्नियात जे घडले, त्याच वळणाने येथेही होडीची विद्या मोटारगाडीकडे आली.

कवचाची घडण व त्याचे दोष : जीर्णोद्धार समजण्यासाठी कवच कसे घडते, हे पाहणे आवश्यक आहे. प्रथम लाकूड, प्लॅस्टर वा माती यांची पूर्णाकृती प्रतिकृती करतात व तिच्यावरून उलटा साचा काढतात. साच्याला मेण चोळून त्यावर रंगद्रव्ययुक्त रेझिनाचा, सु. अर्धा मिमी. जाडीचा थर देतात. यालाच जेलकोट म्हणतात. त्यावर काचतंतूंची चटई अंथरून ब्रश व रूळ यांनी रेझीन मुरवितात आणि आतील हवा काढून टाकतात. रेझीन घट्ट होण्यासाठी त्यात सु. १ ते २ टक्के पेरॉक्साइड मिसळतात. हे प्रमाण उन्हाळ्यात कमी व थंडीत जास्त ठेवावे लागते. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून जाणते कारागीर आषाढ-श्रावणात मोठे काम हाती घेत नाहीत. कॉर्व्हेटसारख्या मोठ्या उत्पादनात पुढे जुळे धातूचे साचे व दाब वापरल्याने जेलकोट लागत नसे आणि कवचाचे भाग आतून पट्ट्या चिकटवून जोडीत. या जोडपट्ट्यांच्या रेषा कालांतराने रंगातून वर दिसू लागतात.

फायबर गंजत नाही, हे म्हणणे अर्धसत्य आहे. बिजागऱ्या, पुढील काचेची चौकट, आसनपट्ट्यांचे आधार यांसाठी कवचात लोखंडी तुकडे गाडलेले असतात. त्यांना गंज चढला की ते फुगतात आणि भोवतीचे फायबर फोडतात. याशिवाय जाड जेलकोटावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. एखाद्या जागी आतून धक्का बसला, तर तेथून ताऱ्यासारखे तडे फाकतात. कवचात ओल मुरली की फोड येतात आणि उन्हाने रंग खडूसारखा भुकटी होऊन हाताला लागतो. हे दोष आपल्याकडील गाड्यांत इंग्लंडमधील गाड्यांपेक्षा लवकर दिसतात. ऊन हे त्याचे एक कारण आणि कारखान्यातील घाईचे काम हे दुसरे. डॉल्फिनच्या कवचांत जाडी जागोजागी निराळी आढळते.

पत्र्याच्या कामात वाढलेला रंगारी येथे हमखास दोन चुका करतो. पहिली चूक म्हणजे रंग उतरविण्यासाठी बाजारात मिळणारे तीव्र द्रावण लावणे. पत्र्यावरचा रंग त्याने सुटतो व पत्र्याला काही होत नाही. फायबरमध्ये मात्र ते रेझिनातच शिरते व कवच मऊ पडते. काही भाग आत अडकून राहतो आणि नवा रंग दिल्यावर काही महिन्यांनी फोडांच्या रूपाने बाहेर येतो. म्हणून जुना रंग धारदार पात्याने सावकाश खरवडणे व मग पाणी पेपरने घासणे हाच सुरक्षित मार्ग आहे, मग त्याला कितीही आठवडे लागोत. दुसरी चूक म्हणजे तडा बुजविण्यासाठी त्यावर लांबी भरणे. तड्याच्या दोन्ही बाजू हलत राहिल्याने तोच तडा लांबीतून पुन्हा वर येतो. तडा मुळापर्यंत कोरून, कडा लांबवर उतरत्या घासून, आतील बाजूने नवी चटई व रेझीन यांचे थर देणे आणि शेवटी वरचा थर पूर्ववत करणे, ही खरी दुरुस्ती होय. रंग सुकविण्याच्या भट्टीतील तापमानही पत्र्यापेक्षा बरेच कमी ठेवावे लागते, अन्यथा कवचाचा आकारच बदलतो.

या कामातील धोका कारागिराच्या अंगाशी येतो, ही गोष्ट हौशी गाडीमालकांच्या चर्चेत फारशी येत नाही. काचेची धूळ कातडीला खाज आणते व श्वासात जाते. रेझिनातील स्टायरिनाच्या वाफेने डोके जड होते. घट्टकारक पेरॉक्साइडाचा थेंब डोळ्यात गेल्यास कायमची इजा होऊ शकते. हे द्रव्य आणि कोबाल्टयुक्त त्वरक ही दोन्ही परस्परांत थेट मिसळल्यास भडका उडतो. बंद छपराखाली, उघड्या हातांनी व तोंडाला रुमाल बांधून केलेले काम स्वस्त पडते, ते याच कारणाने.

मूळपणाचा प्रश्न : जीर्णोद्धार हा शब्द मराठीत देवळांच्या संदर्भात रुळलेला आहे आणि त्यातील संदिग्धताही तेथूनच आली आहे. काही देवस्थानांत मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेली शेंदराची पुटे एखाद्या दिवशी खोळीसारखी गळून पडतात आणि आतील कोरीव मूर्ती प्रकट होते. फायबरच्या गाडीवरील रंगाचे थर उतरविताना असाच अनुभव येतो. त्याखाली मूळ जेलकोटाचा रंग, साच्याच्या जोडाची रेषा, कारखान्यातील हाताने घासल्याच्या खुणा सापडतात. मात्र मूर्ती दगडाची असते. जेलकोट अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो एकदा घासून गेला की पुन्हा मिळत नाही.

यामुळे जीर्णोद्धाराच्या दोन विचारसरणी निर्माण झाल्या. पहिलीत गाडी आरशासारखी चकचकीत करतात. त्यासाठी साच्याच्या रेषा घासून टाकतात, दारांच्या फटी एकसारख्या करतात आणि दोन घटकांच्या आधुनिक पॉलियुरेथेन रंगाचे अनेक हात देतात. अशी गाडी कारखान्यातून निघाली तेव्हापेक्षा देखणी दिसते, पण ती कधी तशी नव्हती. दुसरीत कारखान्यातून निघालेली गाडी, तिच्या उणिवांसह, हाच आदर्श मानतात. अमेरिकेत १९७४ मध्ये स्थापन झालेली कॉर्व्हेट जीर्णोद्धारकांची राष्ट्रीय संस्था याच तत्त्वावर गाड्यांचे परीक्षण करते. तिच्या परीक्षकांना जोडपट्ट्यांची दिसणारी रेषा हा दोष वाटत नाही. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये स्वीकारलेल्या तूरिन सनदेतही जतन, संवर्धन व जीर्णोद्धार यांत भेद केला असून मूळ द्रव्य राखण्यास अग्रक्रम दिला आहे. भारतातील जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत मात्र बक्षिसे सहसा चमकेकडे झुकतात, आणि तेथे राजेरजवाड्यांच्या पत्र्याच्या गाड्यांपुढे बादल किंवा डॉल्फिन यांना स्थान मिळणे कठीणच असते.

या छोट्या गाड्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक निकडीचा आहे. कॉर्व्हेटची कवचे व सुटे भाग आजही नव्याने तयार होतात, तसेच तिच्या प्रत्येक वर्षाच्या बारकाव्यांची नोंद झालेली आहे. उत्पादन बंद पडलेल्या भारतीय गाडीच्या मालकाला मात्र असा आधार नसतो. नवे दार किंवा पुढचा भाग हवा असल्यास दुसऱ्या गाडीच्या भागावर मेण चोळून त्यावरूनच साचा काढावा लागतो. असा साचा दिसायला सोपा, पण फसवा असतो. त्यात त्या दुसऱ्या गाडीवरील अपघाताचा बाक, जुनी लांबी व रंगाची जाडी हे सर्व उतरते आणि त्यातून निघालेला भाग आकुंचनाने मूळ भागापेक्षा किंचित लहान होतो. अशा भागावरून पुन्हा साचा काढला, तर गाडीचा आकार पिढीगणिक मुळापासून दूर जातो. म्हणून वाचलेले प्रत्येक अस्पर्श कवच हे दुरुस्तीसाठी मिळालेले साहित्य नसून मूळ आकाराचा दस्तऐवज मानणे योग्य ठरते. काम सुरू करण्यापूर्वी जागोजागीची जाडी, मूळ भोके, गाडलेले लोखंडी तुकडे व रंगाच्या थरांचा क्रम यांची छायाचित्रांसह नोंद ठेवण्यास खर्च जवळजवळ येत नाही, तरीही ती क्वचितच ठेवली जाते.

कायद्यानेही या प्रश्नाला आता धार आणली आहे. केंद्रीय मोटारवाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी झालेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येतात. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रु. असून नोंदणी १० वर्षांसाठी असते. परंतु वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याचा सांगाडा, कवच वा एंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. पत्र्याच्या गाडीत जोडलेला तुकडा कोठे संपतो, हे तपासनिसाला दाखविता येते. अर्धे कवच नव्या फायबरचे असलेल्या गाडीत ही सीमा डोळ्यांना दिसत नाही, आणि ‘मोठा फेरबदल’ कोठून सुरू होतो हे ठरविणे अवघड जाते. बादल गाडीच्या तीनचाकी प्रकाराला तर या नियमात जागाच नाही, कारण तो दुचाकी व चारचाकी वाहनांपुरता आहे. डॉल्फिनच्या १९८२ साली नोंदलेल्या पहिल्या गाड्यांची ५० वर्षांची मुदत २०३२ मध्ये पुरी होईल. तोपर्यंत त्यांपैकी किती कवचे मूळ जेलकोटासह उरतात, हे त्या ज्यांच्या छपराखाली उभ्या आहेत, त्या मालकांच्या व रंगाऱ्यांच्या हाती आहे.